न चाखलेले बर्फाचे लाडू

यंदा नाताळात बर्फाचे लाडू करणार का, असं वाडीतल्या चौघींनी मला विचारून झालं. मी सगळ्यांना ओव्हन बिघडलाय म्हणून सांगते. ओव्हनला काही धाड भरलेली नाही. ओट्याच्या कोपऱ्यात टॉवेल पांघरून तो मजेत बसलाय. करायचे नाहीत म्हणून करायचे नाहीत. कारण आहे, पण ते कुंपणाशी उभं राहून सांगण्यासारखं नाही. म्हणून इथे लिहून काढते आहे, तेही एकदाच.

आधी ते लाडू म्हणजे काय, ते सांगायला हवं. ते लाडू नव्हेतच. माझे यजमान मालवाहू जहाजांवर कुक होते, तीस वर्षं. त्यांच्या पहिल्या जहाजावर थंड मुलखातला एक म्हातारा मुख्य कुक होता, त्याने यांना ही बिस्किटं शिकवली. लोणी, मैदा, साखर आणि भरड कुटलेला सुकामेवा एकत्र करून लिंबाएवढे गोळे भाजायचे, आणि गरम असतानाच दळलेल्या साखरेत लोळवायचे. आत पेपरमिंट घालायचं. दातांनी चावायची गरजच नाही, तोंडात टाकला की भुगा होतो, आणि मग घशात गारवा उतरतो. जहाजावर त्यांना स्नोबॉल म्हणत. आमच्या मिठबावात बर्फ म्हणजे मासळीच्या पेटीत घालतात तो, त्याचे गोळे कोण खाणार? तरी वाडीने नाव ठेवलं बर्फाचे लाडू. मी त्यांना भस्म फासलेले बैरागी म्हणायची. यांना राग यायचा आणि म्हणूनच मी म्हणायची.

नोकरी संपवून हे कायमचे घरी आले त्यानंतर दर डिसेंबरात दोन दिवस मला स्वयंपाकघरातून हद्दपारी असायची. मी शाळेत पस्तीस वर्षं मुलांना वर्गाबाहेर उभं केलं, त्याचं उट्टं असावं. सुरुवातीला ओव्हन नव्हता. पितळेच्या टोपाखाली निखारे, वरच्या झाकणावर निखारे, आणि हे शेजारी पाट घेऊन बसलेले, कपाळावरचा घाम डाव्या खांद्याला पुसत. मग लेकीने पुण्याहून छोटा ओव्हन पाठवला. बाहेरच्या मेव्याच्या जागी यांनी आपले काजू घातले आणि म्हणाले की त्या म्हाताऱ्या कुकने हे खाल्ले असते तर तो आपल्या देशात परत गेला नसता. वाडीत घरटी सहा सहा लाडू जायचे. ज्यांच्या घरी नाताळ असतो त्यांच्याकडे डझनभर, कारण त्यांच्याकडून आम्हाला त्यांची नेवरी, म्हणजे करंज्या, यायची.

आमचं भांडण व्हायचं ते चाखण्यावरून. माझ्या माहेरी आणि सासरीही नैवेद्य दाखवल्याशिवाय कोणी काही चाखत नाही. मिठाचा अंदाज हाताला असतो, शिजल्याचा वासाला. हळूहळू मला ती सवयच लागली. नैवेद्याचा काहीही संबंध नसलेल्या बांगड्याच्या कालवणाचीसुद्धा मी बोटभर चव घेत नाही. आणि हे दर पायरीला चमचा तोंडात घालणार! पीठ चाख, लोणी चाख, भाजलेल्या काजूचा तुकडा चाख. न चाखता वाढणाऱ्या कुकला जहाजावरून पहिल्या बंदरात उतरवतात, असं ते मला सुनवायचे. मी म्हणायची, मग मला उतरवा. पस्तीस वर्षांत त्यांनी माझ्या हाताला नावं ठेवली नाहीत, एवढं खरं. एकदा आमटीत मीठच नव्हतं आणि ते मुकाट्याने जेवले. मी शेवटी जेवायला बसले तेव्हा मला कळलं. बोलला का नाहीत, म्हणून मीच त्यांना फैलावर घेतलं. त्यावर ते हसले नुसते. ती आमटी मी पुढे विसरले. विसरायला नको होती.

जवळजवळ दोन वर्षांपूर्वी यांच्या जिभेच्या कडेला फोड आला. तोंड आलंय असं समजून आम्ही दोन महिने तूप आणि ज्येष्ठमध लावत बसलो. नंतर जे व्हायचं ते झालं. ऑपरेशनमध्ये जिभेची एक बाजू काढली, वर महिना-दीड महिना मोठ्या शहरात राहून किरणं घेतली. परत आलो तेव्हा हे कळण्याइतपत बोलत होते, पण शब्द जड यायचे, तोंडात भाताचा घास असल्यासारखे. लाळ सुटत नव्हती. आणि चव गेली होती. थोडीथोडकी नव्हे, सगळी गेली. आयुष्यभर चमचा तोंडात घालून जगलेला माणूस ताटावर बसून म्हणायचा, "सगळा भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा लागता."

चव नाही म्हणून खाणं नाही, आणि खाणं नाही म्हणून वजन उतरत चाललेलं. पुढचं औषध द्यायचं तर वजन पन्नासच्या वर हवं, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. यांचं चव्वेचाळीस. आणि औषध नाही मिळालं तर काय, ते डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, तेही स्पष्टच. मग म्हणाले, चव आली की खाणं येईल, खाणं आलं की वजन येईल. कोणाची तीन महिन्यांत येते, कोणाची वर्षाने. एखादी चव जरी लागली तरी मला फोन करा, आपण लगेच बघू. पुढे त्यांनी एक वाक्य अर्धवट सोडलं, ते मी पुरं केलं नाही.

सगळं त्या जिभेवर येऊन ठेपलं होतं. मी मास्तरीण. मला एकच काम येतं, परीक्षा घेणं. मी यांची परीक्षा सुरू केली.

सकाळी पेजेत मीठ जरा जास्त घालायची आणि विचारायची, खारट लागलं? दुपारी सोलकढी. आंबट लागली? चारला गुळाचं पाणी, रात्री मऊ भातावर तिरफळं घातलेलं कालवण. हे मान हलवायचे. नाही. मी पुन्हा विचारायची, नीट बघा, घशाकडे तरी काही? कडेला? नाही. मी खरंच एका जुन्या वहीत लिहून ठेवायला लागले, तारीख, पदार्थ आणि पुढे फुली. फुल्यांनी पानंच्या पानं भरली. लेक फोनवर विचारायची, आई, आज काही? मी म्हणायची, आज नाही. मला वाटायचं मी झटते आहे. समोरच्या माणसाला दिवसातून चार वेळा नापास करते आहे हे काही माझ्या टाळक्यात शिरत नव्हतं.

एकदा यांनी वाटी खाली ठेवली. आदळली नाही, ठेवली. म्हणाले, "तू माका जेवाक घालतंस काय परीक्षा घेतंस?"

मला इतकं लागलं ते! एवढं करते आहे आणि वर हे ऐकायचं? मी पदराने डोळे पुसत परसात जाऊन माडाखालच्या झावळ्या उगाच इकडच्या तिकडे केल्या. संध्याकाळी परत विचारलं, तिखट लागलं? दुसरं काय करणार होते मी? विचारणं थांबवायचं म्हणजे आशा सोडायची, असं माझ्या डोक्यात बसलं होतं.

गेल्या वर्षी डिसेंबर लागला तसं एक दिवस हे आपणहून म्हणाले, औंदा लाडू करायचे. त्यांना उभं राहवत नव्हतं, ओट्याशी पाच मिनिटंसुद्धा नाही. मी करीन, तुम्ही सांगा, असं मी म्हटलं. ज्या माणसाने सहा महिन्यांत कशाची म्हणून इच्छा धरली नव्हती तो काहीतरी मागत होता, मला तेवढं पुरे होतं. मनात म्हटलं, पेपरमिंट म्हणजे तरी काय, नुसती चव थोडीच असते ती? ती तर टोचते, झोंबते. मीठ हरलं, चिंच हरली, मिरची हरली, ही कदाचित जिंकेल. मी मार्गशीर्षातले गुरुवार करते. त्या आठवड्याचा गुरुवार धरला आणि देवीला म्हटलं, यंदा तुला पुरण नाही, हेच. एवढं एक लागू दे यांना.

कणकवलीत काष्ठौषधीच्या जुन्या दुकानात पेपरमिंटचे खडे मिळतात, सुईसारखे बारीक आणि चकचकीत. एसटीने जाऊन ते आणले, येताना लोणी आणि दळलेली साखर आणली. डबी पिशवीत बंद होती तरी पूर्ण गाडीभर वास. शेजारच्या बाईने मला विचारलं की सर्दी झाली आहे का. यांचा दरवर्षीचा रिवाज असा की पेपरमिंटच्या लाल-पांढऱ्या गोळ्याही कुटून वरून लावायच्या, पण त्यांचे खडे यांच्या तोंडाला टोचले असते, म्हणून त्या वगळायच्या ठरल्या. काजूही मी मिक्सरमधून पिठासारखे काढले.

गुरुवारी सकाळी पूजा आटोपली. कलशात पाच डहाळ्या, नारळ, वेणी, पोथी वाचली. माझा उपास. मग यांना स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची मांडून बसवलं, पाठीला उशी, गळ्याभोवती मफलर. आणि काय सांगू, त्या खुर्चीत बसल्यावर त्यांचा चेहराच बदलला. बोटाने दाखवायला लागले. लोणी वितळवायचं नाही, मऊ करायचं. साखर दोनदा चाळ. मैदा एकदम लोटायचा नाही. मी उलट उत्तरं दिली, कारण मुकाट्याने ऐकून घेतलं असतं तर त्यांना मी घाबरले आहे हे कळलं असतं. पेपरमिंटच्या बाबतीत ते फार कडक. खडा तसाच पिठात टाकला तर एकाच लाडवात सगळा जातो, खाणाऱ्याचा जीव घेतो. वाटीत दोन चमचे लोणी कोमट करायचं, त्यात खडे विरघळवायचे, झाकून थंड करायचं आणि सगळ्यात शेवटी, हाताला लोणी चिकटेनासं झालं की घालायचं. मी त्यांच्यादेखत विरघळवलं. वाटीवर बशी झाकली. वासाने माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, हाताला, पदराला, भिंतीला सगळीकडे तोच वास.

"चाखून बघ गो," हे म्हणाले. पिठाकडे बोट होतं.

मी म्हटलं, देवीचं आहे. उपास आहे. आणि इतक्या वर्षांत चाखलं नाही ते आता चाखणार होय?

त्यावर ते मान हलवून हसायला गेले आणि ठसका लागला. ठसका म्हणजे साधा नव्हे. घसा कोरडा पडलेला, श्वास अडकायचा, चेहरा काळानिळा व्हायचा. मी मळलेले हात तसेच घेऊन धावले. पाठ चोळली, घोटघोट पाणी दिलं, खुर्चीतून उठवून आतल्या खोलीत नेलं, निजवलं. अर्धा तास तरी गेला. श्वास ठिकाणावर आला तेव्हा त्यांनी मला हाताने बाहेर जा म्हणून खूण केली. पीठ वाळेल, असं काहीतरी पुटपुटले.

मी परत येऊन गोळे वळायला बसले. घरभर पेपरमिंटचा वास होता. पहिला घाणा ओव्हनमध्ये गेला, मग दुसरा. रंग बदलू न देता बाहेर काढले, गरम असतानाच साखरेत लोळवले, निवल्यावर परत एकदा. चांगले दिसत होते. यांच्यासारखे एकसारखे नव्हते, पण बैरागी शोभत होते. पाच लाडू देवीपुढे ठेवले, पाण्याचं मंडल केलं, हात जोडले. काय मागितलं ते वर लिहिलंच आहे.

मग एक लाडू बशीत आणि वाटीत कोमट दूध घेऊन मी आत गेले. हे उशीला टेकून बसले होते. लाडू मी दुधात बुडवला, मऊ झाला, चमच्याने तोंडात दिला. त्यांनी बराच वेळ तो तोंडात या बाजूचा त्या बाजूला केला. मी बघत होते. विचारलं नाही. तेवढी एक वेळ तोंडाला कुलूप घातलं, कारण आता नाही म्हणाले असते तर पुढे काय विचारायचं ते मला ठाऊक नव्हतं.

त्यांनी गिळलं. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "गार लागला."

मी म्हटलं, "खरा सांगतास?"

"खोटा कित्याक सांगू? पिपरमेंट लागला माका. घशात."

मी काय केलं ते सांगायलासुद्धा लाज वाटते. बशी तशीच पलंगावर टाकली आणि त्यांचे पाय धरले. मग हसले, मग रडले, मग अगं बाई अगं बाई करत खोलीत दोन फेऱ्या मारल्या. ते हात वर करून मला शांत करत होते. त्यांनी दुसरा लाडू मागितला. अख्खा खाल्ला.

मी ओटीवर जाऊन लेकीला फोन लावला. ती ऑफिसात होती. बाबांना पेपरमिंट लागलं, असं म्हटलं. मग तिचं रडणं ऐकू आलं. तिथल्या लोकांसमोर रडत होती, वेडी. मग डॉक्टरांकडे फोन केला. तिथल्या सिस्टरने डॉक्टरांना विचारून सांगितलं की छान बातमी आहे, सोमवारी घेऊन या, वजन बघू आणि पुढचं ठरवू. मी वही काढली आणि फुल्यांच्या रांगेखाली पहिल्यांदा बरोबरची खूण केली. वर्गातल्यासारखी, लाल शाईने. जीव कसा भांड्यात पडला होता माझा.

दुपारी हे वाटीभर पेज जेवले. वाटीभर! एरवी चार चमच्यांवर हात आडवा यायचा. मी समोर बसून वाढत होते आणि आनंदाच्या भरात काही विचारायचं राहूनच गेलं. खारट लागली का, वगैरे काही नाही. आम्ही गप्पा मारल्या. कुठल्याशा बंदरातून निघाल्यावर नाताळाच्या सकाळी यांनी पाचशे लाडू केले आणि समुद्र इतका खवळला की अर्धे घरंगळत इंजिनापर्यंत गेले, ती गोष्ट त्यांनी त्या जड जिभेने पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली. मी ती वीसदा ऐकली होती. पुन्हा हसले.

संध्याकाळी दिवा लावला, आरती केली आणि उपास सोडायला बसले. देवीपुढच्या पाचातला एक लाडू आधी तोंडात टाकला. प्रसाद.

चांगला झाला होता. लोण्याचा खुसखुशीत लाडू, काजूची चव, साखर. बस्स. पेपरमिंट नव्हतं.

मला वाटलं, माझ्याच तोंडाचं काही बिघडलं. दुसरा खाल्ला. नव्हतं. डब्यातला खाल्ला, दुसऱ्या घाण्यातला. कुठेच नव्हतं. उठले आणि ओट्याशी गेले. मिक्सरच्या मागे बशीने झाकलेली वाटी होती. बशी उचलली. लोणी पुन्हा घट्ट झालं होतं, वर चमच्याची खूणसुद्धा नव्हती. वास भसकन नाकात गेला. ठसका लागला तेव्हा मी उठले, आणि परत येऊन तशीच गोळे वळायला बसले. शेवटी घालायचं ते घातलंच नाही. चाखलं असतं तर तिथल्या तिथे कळलं असतं. एवढंसं बोट जिभेला लावलं असतं तर.

पहिला आला तो राग. अंगाचा तिळपापड झाला. मला फसवलं? देवीच्या गुरुवारी, माझ्या तोंडावर, खोटं कशाला सांगू म्हणून विचारता आणि खोटं सांगता? पोरगी तिथे रडली, डॉक्टरांकडे फोन झाला, सोमवार ठरला. ती वाटी घेऊनच मी आत निघाले, यांच्या पुढ्यात आपटणार होते.

हे खिडकीशी बसले होते. शेजारच्या घरात नाताळाचा तारा लावला होता, कागदी, आत दिवा असलेला, तो बघत होते. खांदे सैल पडलेले. कपाळावरची ती सहा महिन्यांची आठी गेली होती. आणि मग माझ्या लक्षात आलं की दुपारी मी विचारलं नव्हतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांना कोणी काही न विचारता जेवू दिलं होतं, आणि ते वाटीभर जेवले होते. त्यांना पेपरमिंट लागलं नव्हतं. त्यांना मला गप्प करायचं होतं. का मला हसवायचं होतं? मला अजून कळलेलं नाही. मिठाविना आमटी मुकाट्याने जेवला तोच हा माणूस.

मी वाटी पदराआड धरली. काय हवं का, म्हणून विचारलं. नको म्हणाले. मी परत फिरले आणि वाटी पुन्हा मिक्सरच्या मागे ठेवून दिली. लेकीला फोन करायला हवा होता. काय सांगणार? तुझे बाबा खोटं बोलले म्हणून? नाही केला.

माणसाचं मन किती निर्लज्ज असतं बघा. झोपायच्या आधी मी स्वतःला समजावलं होतं की ह्याने काहीच सिद्ध होत नाही. आज पेपरमिंट नव्हतंच, तर लागणार कुठून? खरी परीक्षा अजून झालेलीच नाही. नीट घालून दिलं तर लागेलही. आणि लागलं, तर यांचं खोटं एका दिवसाने खरं होईल, कोणाला काही सांगावं लागणार नाही, वहीतली खूणसुद्धा पुसावी लागणार नाही.

शुक्रवारी हे उठायच्या आत मी मैदा चाळायला घेतला. त्या वाटीतलं सगळं लोणी घातलं. वर डबीतले आणखी खडे विरघळवून घातले, यांनी सांगितले होते त्याच्या दुप्पट. आणि चाखलं. आयुष्यात पहिल्यांदा कच्चं पीठ बोटावर घेऊन जिभेला लावलं. मेंदूपर्यंत कळ गेली. नाकाडोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, घसा बर्फाने भरल्यासारखा झाला, श्वास घ्यावा तर आतपर्यंत गार. गोळे वळताना हात झोंबत होते. हे मेलेल्या माणसालाही लागेल, असं मी मनात म्हटलं आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली.

भाजून, साखरेत लोळवून, निववून मी आत गेले. तसाच बशीत एक लाडू, वाटीत कोमट दूध. हे नुकतेच उठून बसले होते, दाढीचे खुंट पांढरे. मी चमचा तोंडात दिला आणि त्यांच्या डोळ्यांकडे बघत राहिले. पाणी येतं का, पापणी हलते का, भुवई उडते का. एवढं तरी व्हायलाच हवं होतं. मी घरभर धावत सुटले असते.

त्यांनी लाडू या बाजूचा त्या बाजूला केला. सावकाश गिळला. डोळे कोरडेच. माझ्याकडे बघून कालच्यासारखं हसले, मला बरं वाटावं म्हणून.

"बरे झाले," ते म्हणाले. "कालच्यासारखेच."

सोमवारी काटा पन्नासच्या जवळही जाणार नाही, ते मला तिथेच कळलं. मी हो म्हटलं आणि दुसरा लाडू दुधात बुडवला.